दुर्मीळ शब्दांचा पंच

साखर कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर आबासाहेबांना हुकूम सोडायला बायको जयाच तेवढी उरली. राहात्यातल्या घरी दुपारचा चहा झाला की ते अक्षरांच्या चिठ्ठ्यांचा डबा काढायचे. चिठ्ठीवर येईल त्या अक्षराचा शब्द सांगायचा. नेहमीचा असेल तर एक गुण, दुर्मीळ असेल तर पाच. कुठला शब्द कसा, ते आबासाहेबांनी ठरवायचं.

जयाला हा माणूस आरपार दिसायचा. ‘आ’ आला, ती म्हणाली, “आधण.”

“नेहमीचा. घराघरातल्या बायका बोलतात. एक.”

‘प’ला त्यांनी ‘पृष्ठांकन’ म्हटलं आणि मिशीवर बोट फिरवत स्वतःला पाच दिले. हा शब्द त्यांनी नोकरीभर कागदावर खरडला होता, म्हणून तो दुर्मीळ!

मग ‘व’ आला.

“वैल,” जया म्हणाली.

“असा शब्दच नाही.”

“चुलीच्या बाजूचा वैल हो. तुमच्या आई त्यावर कालवण ठेवायच्या.”

“मी कधी ऐकला नाही.”

“मग दुर्मीळ झाला की. द्या पाच.”

“दुर्मीळ म्हणजे शिकलेल्यांना ठाऊक असलेला. हा कुणालाच ठाऊक नाही. शून्य.”

जयाला रागही आला नाही. एवढ्याशा खेळात लबाडी करणाऱ्यावर राग तरी काय वाया घालवायचा? तिने डबा उचलला आणि शेजारच्या मुबारकबीच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथे दोघींनी ठरवलं, शब्द कुठलाही असो, एकच गुण. दोघी रोज हसून बेजार व्हायच्या.

आठवड्याभरात आबासाहेब ओट्याशी आले. “पंच लागत असेल तर बसतो.”

“पंच नकोय,” जया म्हणाली. “खेळायचं तर खेळा.”

मुबारकबीने खुर्ची दिली, चहा दिला. ‘न’ निघाला. आबासाहेब घसा खाकरून म्हणाले, “नस्ती!”

“म्हंजी काय ओ सायेब? नसती उठाठेव?”

“नस्ती म्हणजे फाईल. शासकीय शब्द आहे.”

“मंग फाईलच म्हना की.”

“एक गुण,” जया म्हणाली.

“एक? अगं, हा दुर्मीळ...”

“एकच.”

आबासाहेबांनी कप तसाच ठेवला आणि तणतणत निघून गेले. त्यांना थांबवावं असं जयाला क्षणभरही वाटलं नाही. तिने पुढची चिठ्ठी काढली.

“भाभी, ‘ढ’ आलाय.”


“ढेकूण,” मुबारकबी म्हणाली.