दादाला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला नेलं

मैत्रिणींनो, ग्रुप आपलाच आहे म्हणून लिहितेय, पण नावं लिहीत नाही.

दादानं दारू सोडायचं कबूल केलं. आमच्या वाशी गावात कुणी बघंल म्हणून आज त्याला स्कूटीवरनं कळंबच्या मीटिंगला नेलं. मीटिंग तिथल्या शाळेत होती. मीटिंगचा पत्ता विचारायचीही भीती, म्हणून नुसती शाळा कुठं आहे एवढंच विचारत पोचलो.

वर्गाच्या दारातच दादा थबकला. त्याच्या लेकीची सोयरीक जिथं चाललीय, त्या मुलाचे वडील आत बाकावर बसले होते.

"चल माघारी. मोडली सोयरीक," दादा पुटपुटला.

तेवढ्यात ते उठून बाहेर आले. मला वाटलं, संपलं सगळं.

"पाव्हणं, तुमाला बघून मी बी घाबरलो," ते म्हणाले. "मी बी दारू सोडायलाच येतो इथं. चला, माझ्याशेजारी बसा."

दादा मान खाली घालून बसला, पण बोलायची पाळी आल्यावर उभा राहून बोलला. रडलाही.

निघताना ते म्हणाले, "पोरांना आपल्याच तोंडानं सांगू. मग त्यांनी ठरवावं."

आता दादा ओसरीवर लेकीची वाट बघत बसलाय. ती क्लासवरनं येईलच. तुम्ही तिच्या जागी असता तर बापाला काय म्हणाला असता?