चढत्या चंद्राचं लाकूड

अल्बन क्वाशी हा गवंडी. कारियाकू बेटावरच्या विंडवर्ड गावातल्या निम्म्या घरांच्या भिंती त्याच्या हातच्या. माणूस सरळ, कुणाचा एक खिळा घरी नेणार नाही. पण समोरच्या बेटावर सासुरवाडीला जायचं, तर दुसऱ्याच्या होडीत जागा मागावी लागे. बायकोला आणि तीन मुलींना घेऊन धक्क्यावर तोंड वेंगाडत उभं राहायचा त्याला वीट आला होता. सात वर्षं पैसे साठवून त्याने ठरवलं, जुनी का होईना, शिडाची स्वतःची होडी घ्यायची.

दोन महिने तो होड्या बघत हिंडला. एकीचा तळ किड्याने असा पोखरलेला की बोट आत गेलं. दुसरीचा मालक नव्या होडीचा भाव सांगत होता. ‘शीड काय रेशमाचं आहे का?’ म्हणून अल्बन आल्या पावली परतला. मनात भरली ती एकच, एंडिनाबाईची. गाव तिला तांती म्हणायचं, म्हणजे मावशी. ती होडी तिच्या नवऱ्याने, नोर्बर्टने, स्वतः झाड तोडून बांधली होती. वर्षामागे उसळत्या लाटांत तो तिच्यातूनच पाण्यात पडला, तो सापडलाच नाही. होडी तेवढी शेजाऱ्यांनी ओढून आणली.

अल्बनने फळीन् फळी ठोकून पाहिली, सांध्यात चाकूचं टोक घालून पाहिलं. होडी खणखणीत होती. तांतीने नऊशे डॉलर सांगितले. याच्याकडे साडेसहाशे.

आणि इथे या शहाण्याला दुर्बुद्धी सुचली. होडीचं झाड तोडायचं ते उतरत्या चंद्रात, म्हणजे पौर्णिमा सरल्यावर. चढत्या चंद्रात तोडलं तर लाकूड किडतं आणि माणूस खातं, असं तिथे सगळेच मानतात. किनाऱ्यावर चार म्हातारे खलाशी उभे होते. त्यांच्या देखत अल्बनने चाकू पुसला, उसासा टाकला आणि म्हणाला, “तांती, हे चढत्या चंद्राचं लाकूड आहे. काकांना यानेच नेलं. आता ही कोण घेणार?”

म्हाताऱ्यांनी लाकडाकडे न बघताच माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी तांतीने सहाशेला होडी दिली.

होडी झकास पळायची. मुली शिडाखाली गाणी म्हणायच्या. सौद्यात असं बोलतातच, असं अल्बन स्वतःला समजवायचा. पण तांतीच्या दारावरून जाताना त्याची मान वर होत नसे.

चार महिन्यांनी, रविवारी दुपारी, त्याची बायको वर्लिन तुरीचं कालवण वाढत असताना तांती आली. तिने टेबलावर रुमालाची पुरचुंडी ठेवली. “तुझे सहाशे. होडी फोडून सरपणाला लाव, अल्बन. तुझ्या पोरी तिच्यात बसतात, माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. असली होडी लेकुरवाळ्याला विकली, पाप केलं मी.”

वर्लिन नवऱ्याकडे बघायला लागली. मुलीही बघत होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

“तांती, लाकडात काही खोट नाही,” तो खाली बघत म्हणाला. “भाव पाडायला मी खोटं बोललो.”

वर्लिनने हातातली पळी खाली ठेवली.

तांती रागावेल, थोबाडीत देईल, याची तो वाटच बघत होता. तिने दिली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. पण ती जवळ आली आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“माझं मन राखायला बोलतोयस, बाळा. भला आहेस. पण आमच्या धाकट्या लेकीच्या लग्नाआधी होडी हवी म्हणून झाड तोडायची घाई मीच लावली होती तुझ्या काकांना. आधी आठवत नव्हतं. तू बोललास, आणि रोज आठवून आठवून आता लख्ख आठवतंय. चंद्र चढताच होता.”

पैसे तिथेच ठेवून ती निघून गेली.