फुल्यांमागचं नाव

माझी धाकटी नणंद जोयड्याला टायपिंग क्लासमध्ये शिकवायची. मी तिला वन्सं म्हणते. नव्वदीच्या शेवटाला तिथं कॉम्प्युटर आला आणि फोनची वायर जोडून इंटरनेटही आलं. इंटरनेटचे तास आधीच विकत घेऊन ठेवावे लागत. ते बघता बघता संपले. दुसरंच कुणीतरी क्लासचा पासवर्ड वापरत होतं. पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता, क्लासच्या सरांना आणि वन्संना. सरांनी तोंडावर आरोप केला नाही, पण शनिवारनंतर येऊ नको म्हणाले.

वन्सं रडल्या नाहीत. तांदूळ निवडता निवडता त्यांनी मला सगळं समजावलं. काही काम चालू नसलं तरी मशीनचा लाल दिवा लुकलुकायचा. म्हणून त्यांनी रोज फायली तपासल्या, तर एक अनोळखी फाइल सापडली. काही टाइप केलं की ती वाढायची. कुणीतरी ईमेलमधून पाठवलेला, पडद्यावर फटाके उडवणारा शुभेच्छांचा प्रोग्राम सरांनी हौसेनं उघडला होता. त्यातूनच चोर आत शिरला होता. आपण टाइप केलेलं तो लिहून ठेवायचा आणि फोन जोडला की पासवर्डसकट सगळं आपल्या बाहेरच्या मालकाला पाठवायचा.

शनिवारी बांगड्या भरायच्या म्हणून मीही जोयड्याला गेले आणि क्लासच्या बाकावर बसले. वन्संनी सरांना ती फाइल दाखवली, तर ते म्हणाले, ही तूच लिहिली नसशील कशावरून? वन्सं म्हणाल्या, मी बाहेर थांबते, दुसऱ्या कुणाला तरी टाइप करू द्या, मग फाइल बघू. पण विद्यार्थी सगळे वन्संचेच. सरांची नजर माझ्यावर पडली.

"ह्या अक्कांनाच बसवू. ह्यांना इंग्रजी येत न्हाई, तू काय पढवून ठेवणार?"

मी मशीनपुढं जाऊन बसले. वन्संनी फोनची वायर काढली आणि जाता जाता माझ्या कानाशी म्हणाल्या, "काय बी दाबा वैनी. पासवर्डच्या जागी पडद्यावर नुसत्या फुल्या दिसतात, कुणाला कळत न्हाई."

इंग्रजी शब्द मला एकच ठाऊक होता. यांच्या जीपवर मागे पेंटरनं यांचं नाव इंग्रजीत रंगवलं होतं, ते रोज बघून अक्षरांची वळणं डोळ्यांत बसली होती. नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. पण फुल्यांच्या मागं कोण बघतंय, असं वाटलं. एकेक अक्षर शोधत मी ते टाइप केलं. मध्ये बोट शेजारच्या बटणावर पडलं. सरांनी पुसायचं बटण दाखवलं, एक फुली गेली, मी बरोबर अक्षर दाबलं.

वन्संना आत बोलावलं. त्यांनी फाइल उघडली आणि सर एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागले. मला जमीन दुभंगावी असं झालं.

"वैनी, हे तर दादाचं नाव की," वन्सं म्हणाल्या.

सरांना हसू आलं नाही. ते एका अक्षरावर अडले होते. चुकून दाबलेलं ते अक्षर तिथंच होतं, आणि त्यापुढं पुसल्याची खूण.

"हे तर पुसलं होतं. हे फक्त अक्कांना नि मला ठाऊक."

"म्हणजे चोर पडद्याकडं बघत न्हाई, सर," वन्सं म्हणाल्या. "बटणांवरच बसून हाय तो."

सरांनी खिशातून क्लासच्या किल्ल्या काढून वन्संच्या हातात दिल्या आणि सोमवारी जरा लवकर ये, हे सगळं धुऊन काढू, म्हणाले. फटाके मीच उडवले की, असंही पुटपुटले.

परतताना यांच्याच जीपमध्ये बसलो. वन्संना हसू आवरेना. हे विचारत राहिले, नोकरी राहिली काय?

"राहिली. वैनीनं भर क्लासात तुझं नाव घेतलं म्हणून राहिली."

मी पदर तोंडावर ओढला. पुढं रस्त्यावर ना माणूस ना जनावर, तरी हे आमच्या कुंभारवाड्यापर्यंत हॉर्न वाजवत गेले.