वैशाखातली दोन बाळंतपणं

बहात्तर सालच्या वैशाखात, गुरुवारी दुपारी, आक्काची मुलगी गेली. ती सहा दिवसांची होती. जूनमध्ये मी गाव सोडलं.

दादा, म्हणजे आमचे वडील, मला फाट्यापर्यंत सोडायला आले. पाथर्डीकडून नगरला जाणारी एसटी तिथं थांबायची. मी मॅट्रिक झाले होते आणि नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणासाठी माझं नाव लागलं होतं. आई उंबऱ्यापर्यंतच आली. म्हणाली, "तिथं तरी येळेवर जेव. पुस्तक म्होरं धरून भाकर वाळवत बसू नको." माझी मोठी बहीण, आक्का, बाहेर आलीच नाही. गाडी हलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

तुम्ही जे गावात राहिलात, आणि जे माझ्यासारखे नगर-पुण्याला येऊन राहिलात, त्या सगळ्यांना ते दिवस आठवतात ते पाण्यासाठी. हंडा, विहिरीचा तळ, टँकरची वाट. मला ते उन्हासाठी आठवतात.

आक्का पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली होती. पाऊस झालेला नव्हता, सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर जात होतं. "घरात बसून खाऊ व्हय?" म्हणत आक्काही आईबरोबर खडी फोडायला जाऊ लागली. माहेरवाशिणीला खडी फोडावी लागते म्हणून आईचा जीव तुटायचा, पण तिनं अडवलं नाही. तिथं झाड नव्हतं. पाण्याचं पिंप होतं, पण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि उघड्या माळावर बाईला आडोसा नसतो. म्हणून आक्का दिवसभर पाणीच प्यायची नाही. दुपारी म्हणायची, "आई, आज पोर हलंना."

"झोपलं आसंल. त्याला काय मुकादम हाय?" आई म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच आक्का बाळंत झाली. मुलगी लहानखुरी होती, पण रडायची खणखणीत.

आमचं मधलं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या छपराचं. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गार. पण तिथं देव होते, आणि देवांच्या खोलीत बाळंतिणीचा विटाळ चालत नाही. म्हणून तिची बाज पडवीत टाकली. पडवीवर पत्रे होते. वारा लागू नये म्हणून फटींत चिंध्या कोंबल्या. बाजेखाली शेगडी ठेवली. आक्काच्या कानात कापूस, डोक्याला फडकं, प्यायला घोट घोट कोमट पाणी, तेही मोजून. बाळाला कुंची, दोन दुपटी आणि वर आजीच्या लुगड्याची गोधडी. पौषात करायचं तेच वैशाखात केलं. आमच्याकडं बाळंतिणीचा ऋतू एकच असायचा.

शेगडीचं काम माझ्याकडं होतं. परीक्षा संपली होती, मी रिकामी होते. पडवीच्या दाराशी पुस्तक घेऊन बसायचं आणि विस्तव उतरला की निखारे घालायचे. आई कामावर जाताना सांगून जायची, "इझू देऊ नको हां." मी विझू दिला नाही.

सहाव्या दिवशी सकाळपासून बाळ दूध ओढेना. अंग कढत लागत होतं. रडणं बारीक झालं, मग थांबलं. आई म्हणाली, "थंडी भरलीया तिला." मी आणखी निखारे घातले. आक्कानं तिला छातीशी धरून गोधडीत घेतलं. दुपारी ती गेली.

जमलेल्या बाया म्हणाल्या, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं. मला ते पटलं नाही, पण दुसरं काही माहीत नव्हतं.

ते कळलं पुढच्या उन्हाळ्यात, वॉर्डात. तोवर मी ड्यूटी, क्वार्टर, राउंड असे शब्द न अडखळता बोलायला शिकले होते. आठ दिवसांचं एक बाळ आणलं, असंच गुंडाळलेलं, असंच मलूल. आमच्या सिस्टर नगरच्याच. त्यांनी बाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "आधी कपडे काढा याचे. गार जागेत घ्या. आईला तांब्याभर पाणी पाजा आणि बाळ छातीला लावू दे." गोधडी, दुपटी, कुंची मीच सोडली. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं. संध्याकाळी ते बाळ दूध प्यायलं. बाळाची आई माझा हात सोडेना. मी सोडवून घेतला आणि कपड्यांच्या खोलीत जाऊन दार लावलं.

ही गोष्ट मी घरी लिहिली नाही. प्रत्येक पत्रात "इकडे सर्व ठीक" एवढंच लिहीत राहिले. आईला काय लिहिणार होते?

मग दादांचं कार्ड आलं. आक्काला पुन्हा दिवस गेले होते, आणि दिवस भरत होते वैशाखातच. मी रजा टाकली.

पोहोचले तेव्हा आक्काला मुलगी होऊन एक दिवस झाला होता. बाज पडवीत होती. आई शेगडी पेटवत होती. मी म्हणाले, "आई, राहू दे. बाज मधल्या घरात घेऊ."

"देव हायत तिथं. येडी का काय तू?"

"उन्हानं पोर भाजतं, आई."

"आन् तू कशी जगलीस मंग? तुलाबी शेकलंच की मी."

"मी मार्गशीर्षातली."

शेगडीवरचा हात तसाच ठेवून आईनं विचारलं, "म्हंजी पयली..."

मला खोटं बोलता आलं असतं. आक्का बाजेवरून माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "व्हय. निखारे मी घातले हुते."

दादा दारात उभे होते. ते मधल्या घरात गेले आणि देव्हारा उचलून पडवीत घेऊन आले. आई म्हणाली, "आवं, देव कुठं आणताय पत्र्याखाली?"

"त्यास्नी काय अंगावर प्यायचं हाय?" दादा म्हणाले. "ऱ्हातील चार दिस उन्हात. त्यांनीच केलंय नव्हं ऊन."

आईनं पदर तोंडाला लावला. रडतेय असं वाटलं. ती हसत होती, मग रडली. मग उठली, माठातल्या पाण्यानं तांब्या भरला आणि आक्काच्या हातात दिला. आक्कानं तो एका दमात संपवला आणि म्हणाली, "आणखी दे."

रजा दहा दिवसांची होती. मी रोज दुपारी बाळाच्या पोटाला आणि मानेला हात लावून बघत होते. चौथ्या दिवसापासून माझ्या आधी आई बघू लागली. शेजारच्या बाया नावं ठेवायला आल्या की तीच त्यांना सांगायची, "आमची नर्स म्हनती." मी परत निघाले तेव्हा बाळ दूध पिऊन झोपलं होतं, एका पातळ धोतराच्या फडक्यावर, उघडं.

मी नगरचीच झाले. रेशनकार्डावर पत्ता इथला आहे. सुट्टी लागली की मी मैत्रिणींना "गावी जाते" म्हणते, "घरी जाते" म्हणत नाही. पण उन्हाळ्यात गावातून कुणी बाळंतपणाचं विचारायला आलं की ते "आपल्या घरचं" असं तोंडात येतं. माझं घर आता एवढंच आहे. जिथं चूक केली, जिथं ती कबूल केली, आणि तरी जिथं मला जेवायला वाढलं, ते.

धाकटी आता शाळेत जाते. थोरलीचं बारसं झालं नव्हतं, तिला नाव नाही. आक्का, आई आणि मी तिला "थोरली" म्हणतो.