सहा चाळीसची सावली

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला मी एरवी सगळं सांगते, अगदी भाजी करपली तरी. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. की तुम्ही समोर नाही, म्हणून? असो. सांगते.

जव्हारहून रोज सकाळच्या गाडीने मी खोडाळ्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर येते. तिथे बायकांच्या गटाचं बियाणं केंद्र आहे. नागली, म्हणजे तुमची नाचणी, वरई, जुन्या भातांचे वाण. मे महिन्यात बायका बियाणं नेतात, सुगीनंतर दीडपट परत आणून घालतात. हिशेब, चिठ्ठ्या, कुलपं, सगळं माझ्याकडे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला शंका येईल.

कॅमेरे बसवायचे हा हट्ट माझा होता. बायका म्हणत होत्या, कशाला, इथे कोण चोरतंय? मी ऐकलं नाही. नाशिकहून आलेल्या माणसाने तीन कॅमेरे बसवले, रेकॉर्डरला जोडले आणि तो गेला. त्यातला कोठाराच्या दारावरचा एक वीज पडून जळला, तेव्हा त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. मग नवा कॅमेरा मी स्वतःच मागवला, स्वतःच लावला. फोनवर व्हिडिओ बघत बघत. नेटवर्कचा पत्ता दिला, पासवर्ड बदलला, चित्र स्वच्छ केलं, आत मेमरी कार्ड घातलं. रेकॉर्डरला जोडायचा राहिला, तेवढं नंतर करू म्हटलं. सगळ्या बायका खाली उभ्या राहून बघत होत्या. शिडीवरून उतरले तेव्हा गटाच्या अध्यक्षा सुमनताई म्हणाल्या, "मॅडम, आता तुमचा फोटो लावायचा कोठारात, हार घालून." सगळ्या हसल्या. मीही हसले. मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं लक्षात ठेवा.

चार दिवसांनी नागलीची दोन लहान पोती गेली, पाच-पाच किलोची.

पाच वाजता कोठार बंद होतं. त्या दिवशी पाच वाजता पोती जागेवर होती, मी आणि सुमनताईंनी पाहिली होती. सकाळी नव्हती. मी कार्डावरचं चित्रण उघडलं, पाचच्या पुढचं बघत गेले आणि सापडलं. कोपऱ्यात पांढरे आकडे, सहा चाळीस. दार उघडं, आणि वेणू डोक्यावर पाटी घेऊन बाहेर येतेय. पाटीवर फडकं.

वेणू कोठार झाडायची. दुसरी किल्ली तिच्याकडे असायची. चाळिशीची, बारीक, कमी बोलणारी. आणि गेलेली नागली होती कोणाची? तिच्याच सासूच्या वाणाची. सासू वारली तेव्हा घरातलं बियाण्याचं मडकं जसंच्या तसं उचलून तिने केंद्रात आणून दिलं होतं. तरीही, चित्र होतं ना माझ्याकडे.

दुपारी बैठक घेतली. लॅपटॉप टेबलावर ठेवून मी सगळ्यांना दाखवलं. वेणूने दोनदा बघितलं. मग म्हणाली, "मी चारला झाडाया गेलती. पाटीत कोंडा हाय, कोंबड्यांसाठी. रोजच नेतं."

"चार नाही, सहा चाळीस. वाच की."

तिला वाचता येत नव्हतं. मला ते माहीत होतं.

ती परत पडद्याजवळ गेली. एक बोट लावलं, आकड्यांवर नाही, पायरीवर. "ही माझी सावली बगा, मॅडम. त्या येळेला आपल्या अंगनात सावली नसं. डोंगूर ऊन गिळतो ना."

दोघीतिघी पडद्याकडे वाकल्या. आणि मग मी बोलले. दुसरं कोणी नाही, मी. "आज सावलीला साक्षीला आणलंस, उद्या कोंबडीला आणशील."

बायका हसल्या. वेणू नाही हसली. तिने बोट काढून घेतलं. काय करायचं ते उद्या ठरवू, म्हणून बैठक उठली.

त्या दिवशी मी परतीची गाडी सोडली. राहिलेली कामं आहेत, असं सुमनताईंना सांगितलं. खोटंच. सहा चाळीसला मी कोठाराच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. आकाशात उजेड होता, पण ऊन कधीच पलीकडे गेलं होतं. डोंगराची सावली अंगण ओलांडून विहिरीपर्यंत पोचली होती. मी हात पसरला. पायरीवर काही पडलं नाही. दुसरा हात पसरला. काही नाही. जन्मात पहिल्यांदा मला स्वतःची सावली नसल्याची भीती वाटली. शहाण्या बाईला वाटू नये अशी.

आत जाऊन कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज उघडल्या. तारीख बरोबर. वेळेच्या खाली आणखी एक ओळ होती, कुठल्या देशाची वेळ धरायची त्याची. ती मी लावताना उघडलीच नव्हती. तिथे बीजिंग होतं, कारखान्यातून आलेलं तसंच. आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सहा चाळीस म्हणजे चार दहा.

चार दहा. तिने सांगितलं होतं ना? घड्याळ न वाचणाऱ्या बाईने, नुसत्या उन्हावरून.

आता तुम्ही म्हणाल, मग? सकाळी सांगून टाकायचं. एवढं एकच वाक्य होतं, 'माझ्याकडून चूक झाली.' मी शिडीवरून उतरले तेव्हा हसलेल्या त्याच दहाबारा बायकांसमोर.

मी काय केलं ते क्रमाने सांगते. वेळ भारताची केली. खऱ्या पाचच्या पुढचं चित्रण सकाळपर्यंत पळवून बघितलं. दारात कोणीही आलेलं नव्हतं. रिकामी पायरी, नुसती रिकामी पायरी. मागच्या खिडकीचा एक गज वाकलेला होता, तो आधीपासून तसा होता की नाही हे मला आठवेना. मग मेमरी कार्ड पुसायचं बटण दाबलं. यंत्राने विचारलं, नक्की? मी 'होय' दाबलं. आणि सहा चाळीसचा तो तुकडा, जो मी आधीच लॅपटॉपवर उतरवून घेतला होता, तो मात्र ठेवला. पुरावा म्हणून.

भीती होती म्हणा, गर्व म्हणा. नाव काहीही द्या, बोट माझंच होतं.

सकाळी वेणूने किल्ली टेबलावर ठेवली. कोणी मागायच्या आधीच. माझ्याकडे बघितलं, पण रागाने नाही. वाट बघितल्यासारखं. मी वहीत लिहीत होते.

इथे धान्याला कणसरी म्हणतात, हात जोडतात. दुसरी कुठली चोरी लोक विसरले असते. बियाण्याची नाही. त्या पावसाळ्यात लावणीला वेणूला कोणी हाक मारली नाही. नवराबायको दोघांनीच चिखलात उतरून आपलं वावर लावलं, अर्धं पडीक राहिलं. दिवाळीनंतर ती दोघं भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. त्याआधी ती कधी पाडा सोडून गेली नव्हती.

आणि फोनचं. दारासमोर काही हललं की माझ्या फोनवर फोटो येतो, तेही मीच लावलेलं. वेणूने किल्ली दिली त्या दुपारी चार दहाला पहिला फोटो आला. रिकामी पायरी. पाखरू असेल. दुसऱ्या दिवशी चार दहाला पुन्हा. फांदीची सावली असेल, ऊन त्या वेळी तिथे येत असेल. मी कॅमेऱ्याची संवेदनशीलता कमी केली. ऐंशीची साठ, साठाची तीस. फोटो येत राहिला. सेटिंग्जमधूनच चित्रातल्या पायरीवर काळा चौकोन ओढून ती झाकली, तर काळ्या चौकोनाचा फोटो आला. पावसात दहा दहा दिवस ऊन नसतं, सावलीचा प्रश्नच नाही, तरी चार दहा. चौकोन काढून टाकला. एका फोटोत सगळी पायरी ओली होती आणि मधोमध, पाटी टेकवावी एवढी जागा, कोरडी. मी टेबलावरून उठून धावत बाहेर गेले. सगळी पायरी ओली होती.

पाल असेल, पन्हाळीचं पाणी असेल, कॅमेरा बिघडला असेल. मला यातलं कळतं. मी बंदही करू शकते, एका बटणाचं काम आहे.

गेल्या वर्षी खोडाळ्याच्या बाजारात वेणू भेटली. मी तोंड फिरवणार होते, पण तीच पुढे आली. "बऱ्या हाव ना, मॅडम?" केस पिकले होते, हाताला विटांचा लाल रंग. मी हो म्हटलं. तिने खाली बघितलं, माझ्या पायांशी, जिथे माझी सावली पडली होती तिथे. "चार वाजून गेलं. गाडी जायाची," म्हणाली, आणि पिशवी सावरून निघाली. मी फोन काढला. चार दहा झाले होते. फोटो आलेला होता.

मी तिला हाक मारली नाही. गर्दी होती, पण ती वीस पावलांवर होती. ऐकू गेली असती.

सुमनताई अजून नव्या बायकांना केंद्र दाखवताना सांगतात, आमच्याकडे एकदा चोरी झाली, मॅडमच्या कॅमेऱ्याने पकडली. मी बाजूला उभी असते. ते ऐकून मान हलवते. मागच्या आठवड्यातही हलवली.

आत्ता हे लिहिताना फोन वाजला. उघडून बघितलं. पायरी, ऊन, बंद दार. दाराची ती दुसरी किल्ली आता नवीन बाई वापरते, आज ती रजेवर आहे. पायरीवर कोणी नाही. कोपऱ्यात पांढरे आकडे आहेत.

वेळ आता अगदी बरोबर आहे.