सटवाईची वाटी

हिवाळ्याच्या पहाटे ताडावरून मडकी उतरू लागली की पाम गावातल्या आमच्या वाडीपर्यंत एक गोडसर, आंबूस गंध येत असे. धुके, केळीच्या ओल्या पानांचा हिरवा वास आणि तारापूरच्या बाजूने येणारा खारट वारा यांच्यात तो असा काही मिसळून जाई की नवख्याला वेगळा ओळखूही येऊ नये. मला मात्र तो झोपेतही कळायचा, कारण त्याच्या मागोमाग माझे वडील, आप्पा, अंथरुणातून उठायचे. दारूबंदीचा काळ होता तो. बंदी सरकारदरबारी होती. ताडाला ती कुणी कळवली नव्हती.

आमच्या किनाऱ्यावर श्रावण सगळेच पाळतात. दिव्यांच्या अवसेला पोटभर पिऊन घ्यायचे, महिनाभर ओठ शिवायचे आणि भादवा लागला की उसवायचे, अशी ती निष्ठा. आप्पाही पाळत. त्या वर्षी मात्र त्यांचे डोळे पिवळे झाले होते, पोट फुगू लागले होते, आणि पालघरच्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितले होते की यापुढे या माणसाला एक घोटही विष आहे. श्रावण गेला. भादव्यात सोबत्यांनी कुंपणापाशी येऊन हाका मारल्या, तेव्हा आप्पा पानवेलींना पाणी देत होते. ते तसेच देत राहिले. नवरात्र गेले, दिवाळी गेली. आई याविषयी ब्र काढत नसे. दृष्ट लागेल म्हणून ती देवासमोरदेखील हे बोलली नसावी.

कार्तिकात मी बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा मला वेगळेच आप्पा भेटले. थोडे लाजरे, दुपारच्या चहासाठी आतुर, आणि सायंकाळ झाली की हातांचे काय करावे हे न कळणारे. तारापूरला वीजघराचे काम चालू झाले होते. सुरुंगांचे दबके आवाज आले की ते दचकत आणि मग स्वतःलाच हसत. त्या हसण्याचा मला इतका लोभ जडला होता की मी उगाचच त्यांच्या मागे मागे वाडीत फिरे. पोट पुढे, मी मागे, असे आई चिडवायची.

माझे हे दुसरे बाळंतपण. पहिले मुंबईला, इस्पितळात झाले होते. तिथे कोण पाचवी पूजणार? बाळ बारशाआधीच गेले. डॉक्टरांनी काहीतरी कारण सांगितले, ते माझ्या नवऱ्याला पटले. मला मात्र गावाकडच्या बायांनी दिलेले कारण पटले: सटवाई नशीब लिहायला आली, तिचा मान कुणी केला नाही, ती कपाळ कोरे ठेवून परत गेली. शिकलेली बाई होते मी. पण रिकाम्या कुशीपुढे शिक्षण कुठवर टिकते!

मुलगी झाली. पाचव्या दिवशी दिवेलागणीला बाळंतिणीच्या खोलीत पाटा उभा करून त्याला हळदकुंकू लागले, शेगडीतल्या ओव्याचा धूर आढ्यापर्यंत चढला, आणि सुईण जनामावशीने पदराआडून आणलेली ताडीची वाटी सटवाईपुढे ठेवली. आमच्याकडची रीत अशी, की देवीने घेतल्यावर ती वाटी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने घ्यायची. सांडायची नाही, परत न्यायची नाही. तो सोहळा आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. या वर्षी त्या वाटीचे काय होणार, हे मात्र आईच्या, माझ्या, कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. आप्पा उंबऱ्यात उभे होते.

"यंदाला ऱ्हाऊ दे ना, जनाबाय," आई म्हणाली. "त्यांना नाय चालत आता."

"आगो, ही दारू नाय, परसाद हाय," मावशी म्हणाली. "मागच्या टायमाला काय झाला, इसरलीस? नुसती व्हटाला लावू दे. तेवडा पुरे."

आप्पांनी आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे पाहिले. आणि मी मांडीवरच्या त्या इवल्या, लालसर, मुठी आवळून झोपलेल्या जिवाकडे पाहत राहिले. नको, हा एक शब्द माझ्या घशाशी आला होता. एका हाताला बाप, एका हाताला लेक. कोणता हात सोडायचा हे मला कुणीतरी सांगायला हवे होते, आणि खोलीत सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते. मी रडू लागले. बाळंतिणीने रडू नये, म्हणून मावशी मला रागावली.

आप्पांनी वाटी उचलली, ओठांना लावली. मावशीचे समाधान झाले, तिने हात पुढे केला. पण वाटी खाली आली नाही. त्यांनी डोळे मिटले आणि ती सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. आईने पदर तोंडाशी धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो वास आला, आणि पाठोपाठ कडी वाजल्याचा आवाज. मी पडल्या पडल्या ऐकले. आईही जागी असणार. पुढचा श्रावण त्यांनी पाळला, भादवा नाही. त्यापुढच्या श्रावणाला ते नव्हते.

लेक मात्र वाढली. रांगली, चालली, आजोबांच्या अंगाखांद्यावर खेळली. शेवटच्या आजारात आप्पा ओटीवर पडून असत आणि ती त्यांच्या फुगलेल्या पोटावर आपली बोटे नाचवत बसे. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसले कोण जाणे. त्यांनी माझे मनगट धरले.

"बाय, तुज्या पोरीसाटी नाय प्यालो मी तवा. मलाच पायजे होती. सटवायचा निस्ता निमित झाला."

पेज निवत होती, ती मी भरवत राहिले. पुढे कितीतरी वर्षांनी मी हे आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की मग तसेच असेल, तुझे वडील कधी खोटे बोलले नाहीत. ते खरेच होते. दुसऱ्याच्या झाडाचा नारळ पडला तरी ते हाक मारून नेऊन देत. फक्त पिण्याच्या बाबतीत ते आम्हां सगळ्यांशी जन्मभर खोटे बोलत आले होते.