दुलीचंदांनी सांगितलेली कालवड

गोरेगावकडच्या दुलीचंद रहांगडाले यांनी आयुष्यात सरपंचकी गमावली, भजनी मंडळ मोडले, पण बोलणे कधी आवरले नाही. साठीला टेकले तेव्हा त्यांच्या गावरान गाईच्या पोटात उंची जातीचा गर्भ ठेवला गेला, आणि मग तर त्यांना ऊतच आला.

पशुवैद्य रश्मी मॅडमनी समजावले होते, ''हा गर्भ जेमतेम आठवड्याचा, पेशींचा नुसता गोळा. आतल्या पेशींनी काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही. त्यांतूनच पुढे शिंग, काळीज, शेपूट.''

''म्हंजे धानाच्या पऱ्ह्यावानीच,'' दुलीचंद म्हणाले. ''रोप एकाच्या बांधीतलं, रोवणा दुसऱ्याच्या बांधीत.''

इथवर बरे होते. पण 'अजून ठरलेलं नाही' एवढेच घेऊन ते घरी आले आणि सालेकशाच्या व्याह्यांना, उदारामजींना, फोनवरच कालवड देऊन मोकळे झाले. ''आपून म्हणू ते होते, भाऊ!'' मग रोज सकाळी गाईच्या कुशीशी वाकून ते बजावत, ''कालवडच हो बरं.''

गाय व्याली. धडधाकट गोऱ्हा झाला. व्याही तर चीक खायला आणि कालवड न्यायला निघालेले! मॅडम तपासायला आल्या, तशी दुलीचंदांनी तक्रार ठोकली, ''गायच खराब निंगाली.''

''गाईचा काय संबंध? गर्भ तिचा नव्हताच. शिंग कुठलं न् शेपूट कुठलं ते मागून ठरतं. नर की मादी हे फळतानाच ठरून गेलं. तेही वळूच्या बीजानं.''

''माणसातबी?'' चुलीपासून दुलीचंदांच्या बायकोने, रुख्माबाईंनी विचारले.

''माणसातही. बापाकडूनच.''

रुख्माबाईंना तीन मुली; त्यांतली गुंजन उदारामजींच्या मुलाला दिलेली. तिन्ही बारशांना दुलीचंद तोंड फिरवून बसले होते. त्या उठून बाहेर आल्या. ''आयकलं का जी? इतकी वर्षं मायं पोट खराब होतं. आता गाईचं!''

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. ''कुठं हाये आमची कालवड?'' उदारामजी हाकारत आले. दुलीचंद मागच्या दाराकडे सरकले.

''पळून काऊन जाऊन राहिले?'' रुख्माबाईंनी खाट पुढे ओढली. ''बसा. गोऱ्हा कोणापायी झाला ते व्याह्यांले सांगा. आमच्या गुंजनले पोरगी झाली म्हणून तेबी तोंड वाकडं करून राहिले ना? मंग ती कोणापायी झाली, तेबी सांगा.''

दुलीचंद बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी दोनच शब्दांत आटोपले, ''बापापायी, भाऊ.'' उदारामजींनी मात्र आपल्या मुलाचा विषय निघण्याआधीच गोऱ्ह्याचे तोंड भरून कौतुक सुरू केले.